विश्लेषण : समुद्रातील अभयारण्याची हद्द खुल्या नकाशावर कशी येते? महाड-पोलादपूरशी तिचा काय संबंध?

मोबाइलवर रोज वापरल्या जाणाऱ्या अनेक नकाशांचा पाया स्वयंसेवकांनी घातलेला असतो. ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा त्यातील सर्वांत मोठा खुला नकाशा. त्यावर रस्ते, पूल, वाड्या, मंदिरे यांच्याबरोबर अभयारण्यांच्या हद्दीही काढल्या जातात. जमिनीवरची हद्द निदान डोंगर, ओढा, रस्ता यांवरून ओळखता येते. समुद्रातील हद्दीला मात्र दगड नसतो आणि कुंपणही नसते. ती फक्त कागदावर असते. असा कागद नकाशावर उतरवताना चूक झाली, तर ज्या पाण्यात मासेमारी चालते तिथे बंदी असल्याचा समज पसरू शकतो किंवा संरक्षित जागा मोकळी वाटू शकते. महाड आणि पोलादपूर हे तालुके समुद्रकाठचे नाहीत. तरीही सावित्री नदीमुळे आणि पश्चिम घाटाच्या प्रस्तावित हद्दीमुळे हा प्रश्न त्यांच्या दारात आलेला आहे.

खुला नकाशा म्हणजे काय?

स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ मध्ये ब्रिटनमध्ये ओपनस्ट्रीटमॅपची सुरुवात केली. विश्वकोशात जसे कुणीही लिहू शकतो, तसे या नकाशात कुणीही खाते उघडून भर घालू शकतो. प्रत्येक बदल कुणी केला, कधी केला याची नोंद राहते आणि चुकीचा बदल मागे घेता येतो. २०१२ पासून ही माहिती ‘ओपन डेटाबेस लायसन्स’ या परवान्याखाली दिली जाते. श्रेय देऊन आणि परवान्याच्या अटी पाळून ती कुणालाही वापरता येते. त्यामुळे एका स्वयंसेवकाने काढलेली रेषा पुढे पर्यटनाच्या अॅपमध्ये, संशोधकाच्या अहवालात किंवा मदतपथकाच्या छापील नकाशात जाऊन बसते.

२०१० चा हैतीतील भूकंप आणि २०१८ चा केरळमधील महापूर या वेळी अशा नकाशांचा मदतकार्यात उपयोग झाला. महाड-पोलादपूरला त्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये येथे दरड कोसळली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातील साखर सुतारवाडी आणि केवनाळे येथेही दरडींनी बळी घेतले. अशा वेळी महसुली गावाचे नाव पुरेसे नसते, नेमकी वाडी कोणती आणि तिथवर रस्ता कुठून जातो हे कळावे लागते. नकाशातील भर ही हौसेची गोष्ट असली, तरी तिचा वापर हौसेपुरता राहत नाही.

महाड-पोलादपूरचा समुद्राशी संबंध कसा?

सावित्री महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते, पोलादपूरवरून महाडला येते, वाटेत गांधारी, काळ या नद्यांचे पाणी घेते आणि दासगाव, आंबेत करत हरिहरेश्वर व बाणकोट यांच्यामधून समुद्राला मिळते. जुन्या काळी गलबते भरतीच्या पाण्यावर दासगाव-महाडपर्यंत येत. महाडची पेठ वाढली ती घाट आणि खाडी यांच्या सांध्यावर असल्यामुळेच. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावरील सावित्रीचा जुना पूल वाहून गेला, तेव्हा बेपत्ता प्रवाशांचा शोध खाडीपर्यंत आणि पुढे किनाऱ्यावर घ्यावा लागला. महाड औद्योगिक वसाहतीतील प्रक्रिया केलेले सांडपाणीही शेवटी सावित्रीच्या खाडीतच जाते. डोंगरातून सुटलेला गाळ आणि गावातून सुटलेले पाणी या दोन्हींचा मुक्काम समुद्रच आहे.

कायद्यानेही समुद्र आत येतो. १८ जानेवारी २०१९ च्या किनारा नियमन क्षेत्र म्हणजे ‘सीआरझेड’ अधिसूचनेनुसार हे क्षेत्र समुद्रकिनाऱ्यापुरते नाही. भरती-ओहोटीचा परिणाम असलेल्या खाड्या आणि नद्यांनाही ते लागू होते. वर्षातील सर्वांत कोरड्या काळात पाण्यातील क्षाराचे प्रमाण हजार भागांत पाच भाग असते, तिथपर्यंत हा परिणाम धरला जातो. समुद्रासमोर उधाणाच्या भरतीच्या रेषेपासून ५०० मीटर, तर खाडीकाठी ५० मीटर किंवा खाडीच्या रुंदीएवढे, यांपैकी जे कमी असेल ते अंतर मोजले जाते. म्हणजे समुद्र दिसतही नसलेल्या खाडीकाठच्या शेतावरून सागरी कायद्याची रेषा जाऊ शकते.

सागरी अभयारण्याची हद्द कोण ठरवते?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ खाली राज्य सरकार अभयारण्य जाहीर करते. त्यात प्रादेशिक समुद्राचा भाग येणार असेल, तर केंद्र सरकारची पूर्वसंमती लागते. कायद्याच्या कलम २६ अ नुसार अशा भागाची हद्द केंद्राच्या मुख्य नौदल जलआलेखकांशी सल्लामसलत करून आणि स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचे हित जपण्याची पुरेशी व्यवस्था करून ठरवायची असते. बोटी आणि जहाजांच्या निरुपद्रवी ये-जा करण्याच्या हक्काला त्यामुळे बाधा येत नाही. नकाशावर हिरवा पट्टा दिसला म्हणजे तिथे बोट नेताच येत नाही, असा अर्थ होत नाही.

प्रादेशिक समुद्र १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत असतो. त्यापलीकडे हा मार्ग चालत नाही. कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखले जाणारे ‘आंग्रिया बँक’ हे प्रवाळांनी समृद्ध असे बुडीत पठार विजयदुर्गपासून सुमारे १०० किलोमीटर खोल समुद्रात आहे. त्याच्या संरक्षणाची चर्चा झाली ती १९७६ च्या सागरी क्षेत्रविषयक कायद्याच्या आधारे. अशा प्रस्तावाची रेषा घोषित अभयारण्य म्हणून नकाशावर काढणे ही सरळ चूक ठरते.

महाराष्ट्रातील उदाहरणे कोणती?

सावित्रीच्या मुखाशी सागरी अभयारण्य नाही. रायगड जिल्ह्यातील फणसाड आणि कर्नाळा ही अभयारण्ये जमिनीवरची आहेत. राज्यातील ठळक सागरी उदाहरण मालवणचे. मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर असून त्यातील जेमतेम ३.१८ चौरस किलोमीटर गाभा क्षेत्र आहे. सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि आसपासचे पाण्याखालील खडक या गाभ्यात येतात. हद्दीच्या वर्णनातही बंदर, किनारा आणि खडक यांच्या खुणा आहेत. स्थानिक मच्छीमारांचा या अभयारण्याला सुरुवातीपासून विरोध राहिला, कारण रोजची मासेमारी त्याच पाण्यात चालते. अशा ठिकाणी रेषा शंभर मीटर इकडे की तिकडे हा प्रश्न पोटापाण्याचा होतो.

दुसरे उदाहरण ठाणे खाडीचे. ऑगस्ट २०१५ मध्ये जाहीर झालेले ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य १६.९०५ चौरस किलोमीटरचे आहे. त्यात कांदळवन आणि लगतचे पाणी असे दोन्ही भाग येतात. २०२२ मध्ये त्याला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. ऐरोली आणि वाशीचे पूल या ठळक खुणा असल्याने नकाशावर त्याचा अंदाज घेणे तुलनेने सोपे जाते. मालवणला खडक पाण्याखाली असल्याने उपग्रहचित्रातही ते प्रत्येक वेळी दिसत नाहीत.

रेषा काढताना अडचण कुठे येते?

पहिली अडचण आकड्यांची. राजपत्रातील अक्षांश-रेखांश बहुधा अंश, मिनिटे, सेकंदांत असतात, तर संगणक दशांश अंश मागतो. एका अंशात ६० मिनिटे असतात, १०० नव्हे. महाड शहर साधारण १८ अंश ५ मिनिटे उत्तर आणि ७३ अंश २५ मिनिटे पूर्व येथे आहे. दशांशात ते १८.०८३ आणि ७३.४१७ होते. घाईत कुणी १८.०५ आणि ७३.२५ असे लिहिले, तर महाड नकाशावर सुमारे १८ किलोमीटर पश्चिमेला, खाडीच्या खालच्या अंगाला जाऊन पडते. जमिनीवर अशी चूक लगेच लक्षात येते, कारण शहर जंगलात गेलेले दिसते. समुद्रात सगळीकडे निळेच असते, त्यामुळे चूक वर्षानुवर्षे तशीच राहू शकते.

आकडे किती बारकाईने दिले आहेत, हेही पाहावे लागते. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर आणि एक सेकंद म्हणजे सुमारे ३१ मीटर. कागदावर फक्त मिनिटांपर्यंतचे आकडे असतील, तर नकाशावरील रेषा कितीही रेखीव काढली तरी ती मीटरपर्यंत अचूक होत नाही. जुने सर्वेक्षण नकाशे आणि आजचे जीपीएस पृथ्वीचा आकार वेगवेगळ्या मापाने धरतात. त्यामुळे जुन्या नकाशावरून घेतलेला बिंदू आधी नव्या मापात आणावा लागतो, नाहीतर अख्खी हद्द सरकते.

दुसरी अडचण किनाऱ्याची. किनारा ही एकच रेषा नसते. खुल्या नकाशात किनारा उधाणाच्या भरतीच्या पातळीवर काढायचा संकेत आहे. सीआरझेडचे अंतरही भरतीच्या उच्चतम रेषेपासून मोजतात. प्रादेशिक समुद्राचे १२ सागरी मैल मात्र ओहोटीच्या रेषेशी जोडलेल्या आधाररेषेपासून मोजले जातात. कोकणातील सपाट, चिखलाच्या खाड्यांत या दोन रेषांमधील अंतर मोठे असते. ‘किनाऱ्यापासून ५० मीटर’ असे कागदावर असेल, तर कोणता किनारा हे पाहिल्याशिवाय रेषा काढता येत नाही. किनारा आणि हद्द एकमेकांना चिकटवून टाकणे हीही एक नेहमीची चूक आहे. पुढे कुणी उपग्रहचित्र पाहून किनारा दुरुस्त केला, की त्याच्याबरोबर कायदेशीर हद्दही नकळत हलते.

तिसरी अडचण नदीच्या मुखाची. सावित्रीसारख्या खाडीत नदी कुठे संपली आणि समुद्र कुठे सुरू झाला, हे नकाशाकार संकेताने ठरवतात. कायदा ते क्षारावरून ठरवतो. नकाशावर निळा रंग बदलला म्हणून कायद्याची रेषा तिथे येत नाही.

माहिती कुठूनही उचलता येते का?

नाही. खुल्या नकाशाचा हा सर्वांत कडक नियम आहे. गुगलच्या नकाशावर अभयारण्याची कडा दिसते म्हणून ती गिरवून घेता येत नाही. जगभरच्या संरक्षित क्षेत्रांची मोठी आंतरराष्ट्रीय यादी उपलब्ध आहे, पण तिच्या व्यापारी वापरावर बंधन असल्याने तीही जशीच्या तशी ओतता येत नाही. सरकारी संकेतस्थळावरील नकाशा पाहायला खुला असला, तरी तो उतरवून घेण्याची परवानगी त्यातून आपोआप मिळत नाही.

सर्वांत भक्कम आधार राजपत्राचा. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ नुसार, विधिमंडळाचे अधिनियम वगळता, राजपत्रात प्रसिद्ध झालेला मजकूर पुन्हा छापणे हे स्वामित्वहक्काचे उल्लंघन ठरत नाही. म्हणून अधिसूचनेतील हद्दीचे वर्णन आणि बिंदूंची यादी घेऊन रेषा काढणे हा सरळ मार्ग आहे. त्यासाठी अधिसूचना मिळवावी लागते, शेवटच्या परिशिष्टापर्यंत वाचावी लागते आणि नंतर ती बदलली आहे का हेही पाहावे लागते.

प्रत्यक्ष नोंद कशी करतात?

अधिसूचनेतील बिंदू क्रमाने टाकून बंद आकृती तयार केली जाते. हद्द मोठी असेल किंवा मध्ये बेटे असतील, तर अनेक रेषा जोडून ‘रिलेशन’ नावाची एकत्रित नोंद करतात. मग तिला ‘टॅग’ म्हणजे ओळखपट्ट्या लावतात. ही संरक्षित क्षेत्राची हद्द आहे, तिचा प्रकार अभयारण्य आहे, मराठी आणि इंग्रजी नाव काय, घोषणेची तारीख कोणती, ताबा कुणाकडे आणि आधार कोणता, अशी ती माहिती असते. आंतरराष्ट्रीय वर्गवारीत अभयारण्य साधारण चौथ्या आणि राष्ट्रीय उद्यान दुसऱ्या वर्गात धरतात. गाभा क्षेत्र आणि बाहेरचे क्षेत्र वेगळे असेल, तर त्यांची नोंदही वेगळी ठेवणे योग्य, कारण दोन्हींचे नियम सारखे नसतात.

यातील तारीख आणि आधार या दोन पट्ट्या अनेकदा रिकाम्या राहतात. नकाशावर रेषा दिसली म्हणजे काम झाले, असे वाटते. खरे तर समुद्रातील रेषेला तेवढाच पुरावा असतो. रस्ता चुकीचा काढला असेल तर दुसरा स्वयंसेवक तिथे जाऊन तपासू शकतो. अभयारण्याची समुद्रातील कडा तपासायला बोटीने गेले, तरी तिथे पाहण्यासारखे काही नसते. पुढच्या माणसाला ती रेषा पडताळता यावी, असे वाटत असेल तर अधिसूचनेची तारीख आणि क्रमांक लिहावाच लागतो.

प्रसिद्धी म्हणजे संरक्षण, हा गैरसमजही टाळावा लागतो. बाणकोटजवळचे वेळास ऑलिव्ह रिडले कासवांसाठी राज्यभर ओळखले जाते. कासव कायद्याने संरक्षित आहे. पण गाव प्रसिद्ध आहे म्हणून त्याच्या किनाऱ्याभोवती कुणी आपल्या मनाने अभयारण्याची हद्द काढू शकत नाही. अंडी घालण्याची जागा ही एक नोंद, अभयारण्य ही दुसरी.

पश्चिम घाटाच्या मसुद्याचा धडा काय?

हाच प्रश्न महाड-पोलादपूरच्या डोंगराळ गावांत वेगळ्या रूपाने उभा आहे. पश्चिम घाटातील पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचा पहिला मसुदा १० मार्च २०१४ रोजी निघाला. त्यानंतर तो पुनःपुन्हा काढावा लागला. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ रोजी, वायनाडच्या दरड दुर्घटनेच्या दुसऱ्या दिवशी प्रसिद्ध झाला. त्यात सहा राज्यांतील सुमारे ५६,८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र असून महाराष्ट्राचा वाटा सुमारे १७,३४० चौरस किलोमीटर आहे. रायगड जिल्ह्यातील या दोन तालुक्यांतील गावेही मसुद्याच्या चर्चेत आहेत.

मसुद्यात खाणकाम, दगडखाणी, वाळूउपसा, नवे औष्णिक वीज प्रकल्प आणि अतिप्रदूषणकारी उद्योगांवर बंदी सुचवलेली आहे. शेतीवर बंदी नाही. तरीही ‘गाव झोनमध्ये गेले, आता घरही बांधता येणार नाही’ अशी चर्चा पसरते. अशा वेळी एखाद्याने मसुद्याची हद्द खुल्या नकाशावर अंतिम म्हणून काढली, तर ती अफवेला पुरावा देते. उलट, अंतिम झालेली हद्द कुणी ‘आमच्या गावाला नको’ म्हणून पुसली, तर नकाशा खोटा होतो. नकाशावर बाजू मांडायची नसते. जे जाहीर झाले ते दाखवायचे आणि जे मसुद्यात आहे ते एकतर वगळायचे किंवा प्रस्तावित असे स्पष्ट लिहायचे.

स्थानिकांनी काय करावे?

कायदेशीर हद्दीसाठी राजपत्र लागते, पण त्या हद्दीचा अर्थ कळण्यासाठी लागणारी पुष्कळ माहिती स्थानिकांकडेच असते. खाडीतील जुने धक्के, तरीच्या जागा, भरतीचे पाणी कुठवर चढते, कांदळवन कुठे सुरू होते, पावसाळ्यात कोणता साकव बुडतो, वाडीला लोक कोणत्या नावाने ओळखतात, हे दूरच्या स्वयंसेवकाला उपग्रहचित्रातून कळत नाही. महाड, पोलादपूरमधील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मोबाइल आणि वही घेऊन ही माहिती गोळा करता येईल. मराठी नावे देवनागरीत नोंदवण्याचे कामही मोठे आहे. इंग्रजी लिपीवरून उलट मराठी करताना नावे बिघडतात, आणि आणीबाणीत बिघडलेले नाव उपयोगी पडत नाही.

खुल्या नकाशावरील रेषेवर विसंबून निर्णय घ्यावा का?

माहिती घेण्यासाठी हो, कायदेशीर निर्णयासाठी नाही. जमीन खरेदी, बांधकाम, कोळंबी प्रकल्प किंवा मासेमारीचा वाद यांत खुला नकाशा पुरावा ठरत नाही. खाडीकाठच्या जमिनीसाठी मंजूर किनारा व्यवस्थापन आराखडा पाहावा लागतो. त्याचे स्थानिक नकाशे सर्व्हे क्रमांक दिसतील अशा १:४००० या प्रमाणात करायचे असतात. अभयारण्यासाठी मूळ अधिसूचना आणि वन विभागाचे कार्यालय, गावाच्या हद्दीसाठी भूमी अभिलेख कार्यालय हाच मार्ग आहे. समुद्रात बोट हाकण्यासाठी तर डेहराडून येथील राष्ट्रीय जलआलेखन कार्यालयाचे सागरी नकाशेच वापरायचे असतात.

मोबाइलवर आपल्या गावाजवळ किंवा खाडीत हिरवी कडा दिसली, तर ओपनस्ट्रीटमॅपच्या संकेतस्थळावर त्या रेषेची नोंद उघडून पाहता येते. तिथे अधिसूचनेची तारीख आणि आधार दिलेला असेल, तर तो राजपत्राशी ताडून पाहावा. काहीच दिलेले नसेल, तर त्या रेषेवर ‘नोट’ टाकून आधार विचारता येतो. त्यासाठी नकाशा काढता येण्याची गरज नाही.